मिशन-व्हिजनची पाटी लावली, आता ही ऑर्डर घ्यायची की नाही?

प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

त्यांचा घरचा मसाल्याचा धंदा आहे. सासऱ्यांनी ३० वर्षांपूर्वी पडवीत एक डंख (मसाला कुटायचं यंत्र) बसवून कांदा-लसूण मसाला करायला सुरुवात केली. आज स्वतःचा ब्रँड आहे, २६ बायका कामाला आहेत, आसपासच्या चार जिल्ह्यांत माल जातो. सासऱ्यांची तब्येत ढासळल्यापासून कारखाना त्या आणि त्यांचे दीर मिळून बघतात. आठ महिन्यांपूर्वी दिरांनी एका सल्लागाराला बोलावलं, दोन दिवसांची कार्यशाळा झाली आणि दारापाशी मोठी पाटी लागली. मिशन: दर्जेदार उत्पादनांतून ग्राहकांचं समाधान. व्हिजन: महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचणं. मूल्यं: दर्जा, सचोटी, टीमवर्क.

आता एका सुपरमार्केट साखळीनं विचारलं आहे की मसाला तुम्ही करा, पाकिटावर नाव आमचं राहील. मागणी त्यांच्या सध्याच्या एकूण विक्रीएवढी मोठी आहे. दर आताच्या घाऊक दरापेक्षा १८ टक्के कमी, पैसे ७५ दिवसांनी. भावात बसावं म्हणून खोबरं कमी करा, ब्याडगीच्या जागी स्वस्त मिरची घ्या, रंगाचं बघता येईल, अशी सूचनाही आली आहे. दीर म्हणतात ऑर्डर घ्यायची, कारण घराघरांत जायचं हेच तर आपलं व्हिजन आहे. सासरे म्हणतात, दुसऱ्याच्या नावानं माल करायचा नाही. सल्लागारांचं म्हणणं, बायकांमध्ये कल्चरच नाही, रोज सकाळी त्यांच्याकडून मिशन म्हणवून घ्या. बायका पाटीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

उत्तर द्यायला त्यांच्याकडे महिनाभर आहे. त्या विचारतात: “यात बरोबर कोण? आणि मिशन-व्हिजन हे मोठ्या कंपन्यांचं काम, आमच्यासारख्या २६ माणसांच्या कारखान्यानं त्यात पडावं का?”

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका परिच्छेदापाशी थांबले. तो तुम्ही ‘विषयाशी संबंध नाही, पण सांगते’ असं म्हणून लिहिला आहे. माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे. त्याकडे येतेच, आधी ऑर्डरचं बघू.

तुमच्या पाटीवरच्या वाक्यांनी या ऑर्डरबद्दल काहीच सांगितलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? ‘ग्राहकांचं समाधान’ म्हणून ऑर्डर घेता येते आणि त्याच कारणानं नाकारताही येते. ‘घराघरांत पोहोचणं’ दिरांच्या बाजूनं बोलतं, ‘दर्जा’ सासऱ्यांच्या बाजूनं. ज्या वाक्यातून हो आणि नाही दोन्ही निघतात, त्याचा निर्णय घेताना उपयोग नसतो. ही चूक तुमची नाही. बहुतेक पाट्या अशाच लिहिल्या जातात, कारण कार्यशाळेत बसलेल्या प्रत्येकाला मान्य होईल असं वाक्य शोधलं जातं, आणि सगळ्यांना मान्य होणारं वाक्य कुणाचंच काही अडवत नाही. एक सोपी परीक्षा सांगते. वाक्य उलटं करून बघा. ‘आम्ही निकृष्ट माल करून ग्राहकांना नाराज करू’ असं कुठला कारखानदार म्हणेल? कुणीच नाही. मग सुलट वाक्यानंही काही ठरत नाही. पण ‘एकाच प्रतीचा मसाला करू, दुसरी स्वस्त प्रत काढणार नाही’ हे वाक्य घ्या. त्याच्या उलट करणारे शेकडो कारखाने आहेत आणि त्यांचं उत्तम चाललं आहे. म्हणून हे वाक्य बोलतं.

हे उदाहरण मी उगाच घेतलं नाही. हे मोठ्या कंपन्यांचं काम का, असं तुम्ही विचारलंत, म्हणून लिज्जत पापडाची सुरुवात सांगते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. पारेखांनी त्यांना सांगितलं की एकच प्रत करा, तिच्यात तडजोड करू नका, आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली, वाळवण सुरू.

आता यात धोरण कुठे आहे ते बघा. या बायकांना घरबसल्या स्वतःच्या हिमतीवर कमाई करायची होती. हा त्यांचा उद्देश. तो एकदा पक्का झाल्यावर पुढचे कितीतरी निर्णय आपोआप बांधले गेले. पापड लाटायचं यंत्र आणायचं का? नाही, कारण मग बायकांचं काम गेलं. मग वाढायचं कसं? शाखा आणि बहिणी वाढवून. पीठ केंद्रावर एकसारखं मळायचं, लाट्या घरी न्यायच्या, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. घरोघरी लाटलेला पापड एकाच चवीचा राहायचा, तर पीठ आणि तपासणी केंद्राच्याच हातात हवी. प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार, नफा-तोटा सगळ्यांचा. देणगी घ्यायची नाही. आज सुमारे ४५ हजार बहिणी आणि हजार कोटींच्या पुढची उलाढाल असलेली ही संस्था अजूनही हातानं लाटलेलाच पापड विकते. यंत्राचा पापड तिला करता आला असता. तिनं तो केला नाही, आणि त्या नकाराची किंमतही मोजली. वाढायचं तर नवे हात शोधावे लागतात, प्रत्येक शाखेवर देखरेख ठेवावी लागते, वाढ सावकाश होते. उद्देश असाच असतो, ताई. तो तुमच्याकडून काहीतरी मागतो.

तेव्हा तुमचा खरा उद्देश काय हे कार्यशाळेत सापडणार नाही. तो तुमच्या जुन्या वह्यांत असण्याची शक्यता जास्त आहे. तुम्हीच लिहिलं आहे की एका वर्षी ब्याडगीचा भाव भडकला तेव्हा सासऱ्यांनी मिरची बदलली नाही, पाकिटाचं वजनही घटवलं नाही, वर्षभर जवळजवळ नफ्याविना काढलं. सासूबाईंनी तेव्हा गळ्यातलं गहाण ठेवलं. हे तुम्ही सासऱ्यांच्या हट्टाचं उदाहरण म्हणून सांगितलं आहे. मला त्यात तुमच्या घराचं ध्येय दिसतं, आणि तेही पुराव्यासकट. स्वतःचे पैसे घालवून माणूस जे राखतो, तेच त्याला महत्त्वाचं असतं.

म्हणून पहिलं काम हे करा. एका दुपारी सासऱ्यांशेजारी बसा. सासूबाई आणि दीर दोघंही हवेत, शक्य असेल तर सुरुवातीपासून असलेली एखादी कामवाली मावशीही हवी. कागद-पेन घ्या आणि एकच प्रश्न विचारा: आजवर पैसे मिळत असूनही आपण काय काय करायला नकार दिला? आणि पैसे जात असूनही काय करत राहिलो? चार-पाच प्रसंग निघतील. काही गंमतीचे निघतील, काही दुखरे. त्यात एक धागा सापडेल. कदाचित ‘आपल्या घरात जो मसाला खातो तोच विकायचा’ असं काही निघेल. कदाचित ‘गावातल्या बायकांना बारा महिने काम’ असं निघेल. कदाचित दोन्ही, आणि मग त्या दोन्हींची टक्कर होईल तेव्हा काय करायचं हेही ठरवावं लागेल. जे निघेल ते तुमच्या बोलीत लिहा. जे वाक्य सासूबाईंना समजावून सांगावं लागतं, ते तुमच्या कारखान्याचं नाही असं समजा.

या बैठकीत सासऱ्यांनाही एक प्रश्न विचारायचा आहे, आदरानं पण नक्की. दुसऱ्याच्या नावानं माल करायचा नाही, हे का? उत्तर जर ‘नाव दुसऱ्याचं झालं की चवीचा ताबा जातो, उद्या ते सांगतील तसा माल करावा लागतो’ असं असेल, तर ती उद्देशाची गोष्ट आहे आणि तुमच्यापुढच्या प्रस्तावात ती भीती आधीच खरी झाली आहे. पण उत्तर जर ‘पाकिटावर आपलं नाव दिसलं पाहिजे’ एवढंच असेल, तर तो अभिमान आहे. अभिमान वाईट नसतो, पण त्याच्यासाठी २६ घरांचं काम अडवून ठेवायचं का, याचा विचार वेगळा करावा लागतो. वडीलधाऱ्यांची प्रत्येक सवय म्हणजे धंद्याची संस्कृती असं आपण घरच्या धंद्यात पटकन धरून चालतो. त्यातलं राखण्यासारखं काय आणि केवळ सवयीचं काय, हे निवडून बघायला हरकत नसते.

दिरांनाही एकदम मोडीत काढू नका. तुमच्याच पत्रावरून दिसतं की मिरचीचा हंगाम संपला की चार-पाच महिने डंख अर्धा वेळ बंद असतो, बायकांना काम कमी मिळतं, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यांची काळजी खरी आहे. धंदा तगलाच नाही तर उद्देश कुणी सांभाळायचा? पैसा आणि उद्देश एकमेकांचे वैरी आहेत हे गृहीत तुमच्या पत्रात दोन-तीन ठिकाणी डोकावतं, आणि मला ते पटत नाही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. टाळता येण्यासारखं अंधत्व दूर करायचं, एवढाच उद्देश. पण तो इतका स्पष्ट होता की त्यातून कडक व्यवसायधोरण निघालं. जास्तीत जास्त शस्त्रक्रिया करायच्या तर डॉक्टरचा वेळ वाया जाता कामा नये, म्हणून एका डॉक्टरसाठी दोन टेबलं: एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार. बाकीची कामं गावाकडच्या मुलींना शिकवून त्यांच्याकडे सोपवली. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कावर न देऊ शकणाऱ्यांचे उपचार होतात. परदेशी भिंगं परवडेनात, तेव्हा १९९२ मध्ये स्वतःचा कारखाना काढून ती कित्येक पट स्वस्त बनवली. अरविंदचं गणित काटेकोर आहे, कारण गणित चुकलं तर एखादा म्हातारा माणूस आंधळा राहणार. तुमच्याकडेही दिरांचा हिशेबीपणा आणि सासऱ्यांचा हट्ट दोन्ही लागणार आहेत.

तर हिशेब करू. साखळीची ऑर्डर तुमच्या सध्याच्या विक्रीएवढी आहे. म्हणजे ती घेतल्या दिवसापासून तुमचा निम्मा धंदा एका गिऱ्हाइकाच्या हातात. आज शंभर दुकानदारांपैकी एक तुटला तर तुम्हाला कळतही नाही, उद्या एका खरेदी अधिकाऱ्याची बदली झाली तरी झोप उडेल. दुसरं, पैसे. मिरची तुम्ही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रोखीनं भरता, वर्षभराची. त्यावर ७५ दिवसांची उधारी आली की समजा महिन्याला १० लाखांचा माल गेला, तर कायमचे २५ लाख त्यांच्याकडे अडकून राहणार. ते कुठून आणणार? बँकेकडून. त्याचं व्याज त्या १८ टक्क्यांच्या वर धरा. उलट बाजूही मांडा: या मालावर सेल्समनचा खर्च नाही, वितरकाचं कमिशन नाही, लहान दुकानदारांची बुडीत उधारी नाही, आणि रिकामा डंख चालू राहील. दोन्ही बाजू रुपयांत मांडा, किलोमागे. तुमच्या लेखापालाला दोन संध्याकाळींचं काम आहे. धंद्याची तत्त्वं सांगणाऱ्या माणसानं हा कागद टाळला की तत्त्वाला घरात कुणी विचारत नाही.

रंगाची सूचना मात्र चर्चेलाही घेऊ नका. मसाल्यात बाहेरचा रंग घालायला कायद्याची परवानगी नाही, आणि उद्या नमुना तपासला गेला तर पाकिटावर नाव त्यांचं असलं तरी माल तुमच्या कारखान्यातला आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक रसायनाच्या कारणानं आक्षेप घेतला, तेव्हा देशभरातल्या मसालेवाल्यांना गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागलं. मसाला उघड्या डोळ्यांनी तपासता येत नाही. गिऱ्हाईक फक्त विश्वासावर तो भाजीत घालतं. जी साखळी पहिल्याच भेटीत ‘रंगाचं बघता येईल’ म्हणते, ती पुढे काय काय बघायला सांगेल याचा अंदाज बांधा.

पण प्रश्न ‘घ्या’ किंवा ‘नको’ एवढ्या दोनच पर्यायांचा नाही. खोबरं कमी करून, मिरची बदलून त्यांच्या नावानं कांदा-लसूण मसाला करणं हा एक रस्ता. तुमच्या घरानं ज्यासाठी गहाण ठेवलं तेच यात विकलं जातं, शिवाय शेजारच्या फळीवर तुमच्याच हातचा हलका मसाला तुमच्याच पाकिटाशी स्पर्धा करेल. दुसरा रस्ता: साखळीला सांगायचं की आमची पाककृती आमच्याच ब्रँडखाली राहील, पण तुमच्या नावानं धने पूड, हळद, मिरची पूड करून देऊ. यात तुमची खास चव नाही, शुद्धता मात्र तुमचीच, आणि डंख रिकामा राहत नाही. तिसरा: तुमचाच मसाला, तुमच्याच नावानं, त्यांच्या निवडक दुकानांत, कमी प्रमाणात. साखळीवाले पहिल्यांदा नाही म्हणतील, पण त्यांनाही स्थानिक चवीचा माल हवा असतो. चौथा म्हणजे सरळ नकार, आणि तोही प्रतिष्ठेचा पर्याय आहे. तुमच्या पत्रातून जे समजलं त्यावरून माझा कल दुसऱ्या रस्त्याकडे आहे, एका मर्यादेसह: कुठल्याही एका गिऱ्हाइकाला एकूण विक्रीच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त माल द्यायचा नाही, आणि निव्वळ त्याच्या भरवशावर नवं यंत्र कर्जानं घ्यायचं नाही. पण वर सांगितलेल्या बैठकीतून वेगळाच धागा निघाला, उदाहरणार्थ बायकांना बारमाही काम हीच तुमची मुख्य गोष्ट निघाली, तर ही मर्यादा थोडी सैल करावी लागेल. म्हणूनच बैठक आधी, निर्णय मागून.

व्हिजनबद्दल थोडक्यात. ‘महाराष्ट्राच्या घराघरांत’ या शब्दांत दिशा नाही. कोकणातल्या घराला तुमचा कांदा-लसूण मसाला नको असतो, त्याचा मालवणी मसाला वेगळा. विदर्भाची चव वेगळी. दहा वर्षांनी कुणाच्या घरात असायचं आहे? सांगली-कोल्हापूर-साताऱ्याची जी मुलं पुण्या-मुंबईत, बंगळुरात नोकरीला आहेत आणि सुट्टी संपवून निघताना बॅगेत मसाल्याची पिशवी कोंबतात, ती घरं का? तसं असेल तर पैसा सुपरमार्केटच्या फळीपेक्षा घरपोच विक्रीवर, टिकाऊ पॅकिंगवर लावावा लागेल. हे एक उदाहरण झालं, तुमचं उत्तर निराळं असू शकेल. पण कुठल्या घरात जायचं नाही हे सांगता येईल इतकं तरी व्हिजन नेमकं हवं.

आता तो परिच्छेद. गणपतीच्या आधी माल पाठवायची घाई होती. भाजणीवरच्या मावशी खोबरं किसत असताना म्हणाल्या, हे पोतं खवट लागतंय, घालू नका. गाडी दारात उभी. दीर म्हणाले, भाजल्यावर कळत नाही, घाला. मावशींनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत. खोबरं गेलं, माल गेला, तक्रार एकही आली नाही. आणि तुम्ही पुढे लिहिता, ‘तेव्हापासून मावशी काही सांगत नाहीत, बाकीच्याही गप्प असतात. सल्लागार म्हणतात त्यांना आपलेपणा नाही.’

ताई, आपलेपणा त्या दिवशी होता. महिन्याच्या पगारावरची बाई मालकाची गाडी अडवून माल खराब आहे असं सांगते, यापेक्षा जास्त आपलेपणा कुठल्या कारखान्यात सापडेल? तुमच्या पाटीवर ‘दर्जा’ हा शब्द लागण्याच्या कितीतरी आधीपासून तो त्या बाईच्या नाकात होता. त्या दिवशी सगळ्याजणी एक गोष्ट शिकल्या: इथे गाडी आधी, खोबरं मागून. संस्कृती अशीच शिकवली जाते, अर्ध्या मिनिटात, कुणी भाषण न देता. नंतर लागलेल्या पाटीकडे त्या का बघतील?

यात तुमच्या पगारपद्धतीचाही हात आहे. पॅकिंगच्या बायकांना तुम्ही खोक्यामागे जादा पैसे देता, देठ खुडणाऱ्यांना किलोमागे. म्हणजे थांबणाऱ्या बाईचं नुकसान आणि डोळेझाक करणारीचा फायदा. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या मोठ्या बँकेकडे मूल्यांची छापील पुस्तिका होती. पण शाखेतल्या माणसांवर प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात जास्तीत जास्त खाती मारायचं लक्ष्य लादलेलं होतं. त्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, ५,३०० जणांना काढल्याचं बँकेनं सांगितलं. पुस्तिकेत काय लिहिलं आहे यापेक्षा पगार कशाचा मिळतो हे माणसं बरोबर वाचतात. रोज सकाळी मिशन म्हणवून घेतल्यानं तुमच्याकडे काही बदलणार नाही. उलट ज्या बाईचं बरोबर असून ऐकलं गेलं नाही, तिच्याकडून ‘दर्जा, सचोटी’ म्हणवून घेणं तिला लागेल.

त्याऐवजी मावशींकडे जा. चार जणींसमोर म्हणा, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं, पोतं बाजूला काढायला हवं होतं. दिरांनी म्हटलं तर फारच उत्तम, पण त्यांची वाट बघत थांबू नका. मग नियम करा: भाजणी, कांडप आणि पॅकिंग, या तीन ठिकाणच्या एका-एका अनुभवी बाईला माल थांबवायचा अधिकार. तिनं थांबवला की गाडी थांबेल, मालकानं सांगितलं तरी सुटणार नाही. थांबलेल्या वेळाचे पैसे सगळ्यांना पूर्ण मिळतील. पॅकिंगचा जादा पैसा खोक्यांवरून काढून, परत न आलेल्या मालावर महिन्याच्या शेवटी सगळ्यांना सारखा वाटा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणीतरी विनाकारण माल थांबवेल. चिडू नका, त्या तुमची परीक्षा बघत असतील. वर्षभरात तुमच्या लक्षात येईल की कच्चा माल देणारे व्यापारीसुद्धा तुमच्याकडे पोतं पाठवताना दोनदा बघतात. साखळीशी बोलतानाही हाच तुमचा मुद्दा असेल. स्वस्त माल शंभर कारखाने देतील, खराब माल थांबवू शकणारे फार थोडे.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात मावशींशी बोलणं, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या आठवड्यात घरची बैठक. तिसऱ्यात किलोमागचा हिशेब. मग साखळीला उत्तर. बोलणी पुढे गेली तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) तपासून घ्या आणि त्यांना ७५ दिवसांचा आग्रह सोडायला सांगा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, उशीर होऊन वर्षअखेरीस पैसे थकलेले असले तर खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातली वजावट त्या वर्षी मिळत नाही, पैसे दिल्यावरच मिळते. त्यांच्या लेखा विभागाला हे ठाऊक असतं, पुरवठादारानं विचारलं तरच ते बोलतात. न खपलेला माल परत घ्यायचा की नाही, घेतल्यास किती दिवसांपर्यंत, हेही कागदावर घ्या. मिरचीचा भाव अमुक टक्क्यांनी चढला तर दर बदलेल हे कलम टाका. आणि सह्या होईपर्यंत त्यांच्या तोंडी शब्दावर एकही जादा पोतं मिरची भरू नका.